चिन्नोरच्या पिप्यातला कॅमेरा

शेवटच्या साध्यासुध्या रविवारी समीक्षानं आपल्या बाबांचे त्रेचाळीस फोटो काढले आणि त्यातले एकेचाळीस हलले.

दोष कॅमेऱ्याचा नव्हता, समीक्षाचाही नव्हता. तिचे बाबा, सुखराम, चाळीस वर्षं बालाघाट–लांजी बसवर कंडक्टर होते. बस सुटून बारा वर्षं झाली होती. तरी किरनापुरजवळच्या आपल्या गावी, शेताला पाणी पुरवणाऱ्या आपल्याच बोडीच्या पाळीवर, न हलणाऱ्या जमिनीवर उभे राहिले तरी ते पाय फाकवूनच उभे राहत, पुढं वळण असल्यासारखे. त्यात फोटोसाठी तोंड मिटणं त्यांना मंजूर नव्हतं.

"तोंड मिटलेला फोटो मेल्यावर लावतेत, बाई," ते म्हणाले. "जित्या माणसाचा बोलताना काढाव. बोलू का?"

आणि परवानगीची वाट न पाहता बोलू लागले. बोलणं सुरू झालं की त्यांचे हात चालत, हातांमागून मान जाई, आणि फोटोत फक्त शर्टाचा खिसा तेवढा ओळखू येई.

फोटोग्राफीचा छंद बिनलग्नाच्या माणसानं करावा, नाहीतर पोरं नोकरीला लागलेल्यानं. मधल्या वर्षांत करू नये, असं समीक्षाचं अनुभवान्ती मत झालं होतं. जाणकार सांगतात की सकाळच्या पहिल्या अर्ध्या तासात उजेड सोन्यासारखा असतो. असेल. पण तिच्या घरी तो अर्धा तास नेमका डब्यांचा होता. गेल्या वर्षी लग्नातल्या शालूखालून अकरा वर्षांनी तिनं कॅमेरा बाहेर काढला, तेव्हापासून तिच्या प्रत्येक सूर्योदयात कोपऱ्यात एखादा पोळीचा डबा, एखादा मोजा, किंवा "मम्मी, मेरी टाई किधर है?" असं ओरडणारा कुशल आला होता. सहा वर्षांची मयुरी लेन्सवर बोट दाबून "मैं दिख रही क्या?" असं विचारायची. नवरा पवन सरकारी कार्यालयात बाबू. तो फोटो हातात घेतला की आधी उलटा करून मागं काही शेरा आहे का ते बघे.

शेजारच्या लीलाबाईंनी तर पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "एवढा मोठा डब्बा, अन् मोबाईलएवढं बी साफ येत नाही वं. काहून उचलून राह्यली उगीच?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच लीलाबाई वॉर्डातल्या दहा बायका घेऊन दारात हजर झाल्या. कुठल्याशा योजनेच्या फॉर्मला पासपोर्ट फोटो लागत होते. समीक्षा त्या दिवशी धुक्यातली वैनगंगा टिपायला निघाली होती. तिनं दुपारपर्यंत पांढऱ्या चादरीपुढं बायकांचे कान टिपले. दोन्ही कान दिसायलाच हवेत, असा त्या फॉर्मचा नियम होता.

एकटे बाबा तेवढे तिच्या छंदाला काम समजत. म्हणून तर ती रविवारी पोरांना घेऊन गावी आली होती, आणि म्हणून चव्वेचाळिसावा फोटो सबंध बोडीसकट घ्यायचा ठरला.

"मांगं सरक," बाबा म्हणाले. "आणखी मांगं. सरक, सरक, जागा हाये."

चाळीस वर्षं या वाक्यावर चांगली धडधाकट माणसं मागं सरकत आली होती. समीक्षाही सरकली. जागा नव्हती. ती शेवाळावर बसली आणि कॅमेरा तिच्या हातातून निसटून बोडीत गेला. पट्टा गळ्यात नव्हता, कारण तो मंगळसूत्रात अडके.

बाबा पॅन्टसकट पाण्यात उतरले. मासा धरावा तसा कॅमेरा पट्ट्याला धरून त्यांनी वर काढला, कानाजवळ नेऊन हलवला आणि म्हणाले, "जित्ता हाये."

समीक्षाला कॅमेऱ्याहून जास्त चिंता आईची होती. मैनाबाईंनी सकाळीच बजावलं होतं, "पाण्यापाशी नेऊ नोको. दोन लेकरायची माय झाली, अन् गळ्यात डब्बा घालून फिरते." वर्गातल्या साठ पोरांना नुसत्या नजरेनं गप्प बसवणारी एकोणचाळीस वर्षांची बाई, आईला आता काय सांगायचं म्हणून रडकुंडीला आली.

"मी सांगतो ना," बाबा म्हणाले. "माह्या हातून पडला म्हणतो. तुही माय मले रोजच बोलते. तिले बी सवय हाये, मले बी."

आणि आई बोलली. मनसोक्त बोलली. "चालत्या गाडीत चाळीस वर्सं लोकायच्या नोटा धरल्या, तिकिटा धरल्या, अन् पोरीचा एक डब्बा धरवला नाही? हात तुटले का?" बाबा खाली मान घालून उभे राहिले. समीक्षा ओली साडी पिळत शेजारी उभी होती. तेवढ्यात खरं सांगून टाकायला हवं होतं. पण आईचा जोर जरा ओसरू दे, मग सांगू, असं तिला वाटलं.

पुढं तांदळाचा प्रश्न निघाला. भिजलेली वस्तू तांदळात ठेवावी हे आता साऱ्या जगाला ठाऊक आहे. कोणत्या तांदळात, हा पेच मात्र धान पिकवणाऱ्यांच्याच गावात पडतो. शेजारचे पुनाराम धावत आले. हे समाज समितीचे अध्यक्ष, बाबांचे लहानपणापासूनचे मित्र आणि तेव्हापासूनचेच विरोधक.

"उष्णा तांदूळ पाह्यजे, सुखराम," ते म्हणाले. "एकदा उकडलेला असते. त्याले पाण्याची ओळख असते."

"ओळखीचा माणूस पाहुण्याले घरात घेते गा, बाहीर नाही काढत," बाबा म्हणाले. "इथं जुना चिन्नोर पाह्यजे. उपाशी तांदूळ."

"चिन्नोर नाजूक. मशीनची गर्मी त्याले सहन होत नाही."

"मशीनले सहन होते ना? झालं मंग!"

वाद अर्धा तास चालला. घर बाबांचं असल्यामुळं चिन्नोर जिंकला. तेलाच्या रिकाम्या पिप्यात दोन वर्षांचा जुना चिन्नोर भरलेला होता. बाबांनी त्यात मधोमध खड्डा करून कॅमेरा पुरला, वरून तांदूळ सारखा केला आणि जाहीर केलं, "सात दिवस कोणी हात लावाचा नाही. पुढच्या ऐतवारी काढू."

संध्याकाळच्या गाडीनं समीक्षा बालाघाटला परतली.

सोमवारी सकाळी पावणेसहाला आईचा फोन आला. बाबा चहा मांडायला उठले होते. चहा मांडला गेला नाही.

पुढचे दिवस घर माणसांनी भरून गेलं. त्या दिवसांबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ते ज्याचे त्यालाच ठाऊक असतात. भिंतीवर लावायला फोटो हवा होता आणि सापडला तो आधार कार्डावरचा. तो मोठा करून आणला. त्यात बाबांचं तोंड घट्ट मिटलेलं होतं, आणि जन्मभर बिनतिकिटी लोकांना पकडणारा माणूस स्वतः बिनतिकीट पकडला गेल्यासारखा दिसत होता. समीक्षा त्या फोटोकडं पाहायचं टाळू लागली. दोन चांगले फोटो होते. ते पिप्यात होते.

पण खरी अडचण फोटोची नव्हती.

भेटायला येणाऱ्या माणसाला काहीतरी विचारावं लागतं आणि घरच्यांना काहीतरी सांगावं लागतं. "काही लक्षण दिसलं होतं का?" असं पहिल्याच दिवशी कोणीतरी विचारलं, आणि आईनं सांगितलं, "आदल्याच दिवशी हातातून कॅमेरा पडला त्यायच्या." झालं. तिसऱ्या दिवशी गावात ठरलं की सुखरामचा हात कापत होता. सहाव्या दिवशी त्यांना बोडीवर चक्कर आली होती. दहाव्याला पुनारामांनी अत्यंत गंभीरपणे समीक्षालाच सांगितलं की पाण्याकाठी यमाचा रेडा दिसल्याशिवाय सुखरामसारख्या माणसाच्या हातून वस्तू सुटणं शक्य नाही. ज्या ठिकाणी हा रेडा दिसला असं ते म्हणत होते, तिथं त्या वेळी, काटेकोरपणे सांगायचं तर, समीक्षा स्वतः बसलेली होती. हा अपमान तिनं गिळला.

आईचं बोलणं मात्र तिला गिळता येईना. आई कोपऱ्यात बसून जो येईल त्याला एकच गोष्ट सांगे. "हात कापत होता त्यायचा, अन् मी आंधळी म्हणली, हात तुटले का. मंग रातभर अबोला धरला. माहं शेवटचं बोलणं तेच."

एक वाक्य सांगितलं की हे सगळं थांबणार होतं. समीक्षा रोज ते वाक्य तोंडाशी आणी, आणि रोज आईजवळ कोणीतरी बसलेलं असे. एकदा कोणी नव्हतं, तेव्हा पाणी प्यायला म्हणून ती उठली आणि मोरीजवळ बराच वेळ उभी राहिली. शेवटी तिनं स्वतःशी तडजोड केली. ठरलेला रविवार गर्दीत निघून गेला होता; घर रिकामं झाल्यावर कॅमेरा पिप्यातून चालू होऊन बाहेर आला तर आईला दाखवता येईल, बघ, काही बिघडलं नाही, तुझ्या बोलण्याला आता अर्थच नाही. म्हणजे ते खरं वाक्य बोलावंच लागणार नाही. एवढी शिकलेली बाई, पण तिचा सगळा भरवसा आता उपाशी तांदळावर होता.

तेरवी झाली. त्यानंतर चौथ्या दिवशी घर रिकामं झालं तेव्हा समीक्षा कोठीत गेली. पिपा नव्हता.

"तो?" आई म्हणाली. "तो भाच्याले देला दानात. घरातला सगळ्यात चांगला तांदूळ देवाव लागते. त्यात कॅमेरा हाये, हे ध्यानातच नाही राह्यलं."

त्या भागात बहिणीच्या मुलाचा मान देवाच्या खालोखाल असतो. मामा वयानं कितीही मोठा असो, भाच्याच्या पाया तोच पडतो. आणि मामा गेला की तेरवीला भाच्याला दान द्यायचं: खाट, गादी, छत्री, चपला, भांडी आणि धान्य. बाबांचा भाचा वसंता अठ्ठावन्न वर्षांचा होता. लालबर्र्यात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं, आणि जन्मल्यापासून मोठी माणसं पाया पडत आल्यामुळं त्याच्या चेहऱ्यावर कायमचा आशीर्वाद बसला होता. समीक्षा पत्रावळी मोजत होती तेव्हा महाराजांनी संकल्प सोडला, पिप्यावर पाणी शिंपडलं, आणि तिचा कॅमेरा वसंताभाऊंच्या टेम्पोत बसून लालबर्र्याला गेला.

बालाघाटला आल्यावर तिनं लीलाबाईंना हे सांगितलं. ती पुढच्या सगळ्या प्रकरणातली पहिली चूक.

"दान वापस मागशीन?" लीलाबाईंनी कानाला हात लावले. "तुहे बाबा आधे रस्त्यात लटकतीन वं! माह्या माहेरी एकीनं दानातली बादली वापस आणली, तं तिच्या सासऱ्याचा कावळा तीन वर्सं घासाले शिवला नाही."

शनिवारी समीक्षा पवनला घेऊन लालबर्र्याला गेली. वसंताभाऊ दुकानाच्या मागच्या खोलीत बसले होते. पाय त्यांनी आधीच चपलांतून काढून ठेवले होते. ती पाया पडली. पवनही पडला. चहा झाला. मग तिनं विषय काढला, तेव्हा वसंताभाऊ उठले आणि त्यांना देवघराकडं घेऊन गेले.

कॅमेरा देवांच्या रांगेत बसला होता. खाली लाल कापड, वर झेंडूचा हार. लेन्सच्या बरोबर मधोमध कुंकू लावलं होतं आणि त्यावर अक्षता चिकटल्या होत्या. अक्षता चिन्नोरच्या होत्या.

"तांदूळ काढाले हात घातला, अन् हा हाताले लागला," वसंताभाऊ हलक्या आवाजात म्हणाले. "मी घरवालीले म्हणलं, मामाजीनं जाता जाता भाच्यासाठी लपवून ठेवलं होतं. लोकायसमोर दिलं असतं तं बाकीच्यायले वाईट वाटलं असतं."

"वसंताभाऊ, तो माहा आहे. सुकवायला ठेवला होता."

"असन ना बाई. पण संकल्प झाला. मले कॅमेऱ्याचं का करा लागते? मले तं तो चालू बी करता येत नाही. पण दानातलं मी आपल्या मनानं वापस देल्लं अन् मामाजी तिकडं अटकले, तं तुह्या मायले कोण जवाब दीन? मी? एक रस्ता हाये. समितीले अर्ज देऊन दे. बैठकीत ठेवू."

समाज समितीचे सचिव वसंताभाऊच होते.

अर्ज हा शब्द ऐकताच पवनचा चेहरा उजळला. एवढे दिवस दुःखाच्या घरात आपण काय करावं हे त्याला कळत नव्हतं, आता कळलं. त्यानं रविवार सगळा खर्चून तीन प्रतींत अर्ज तयार केला. 'विषय: दानात अनवधानाने गेलेला कॅमेरा परत मिळणेबाबत.' खाली संदर्भ, त्याखाली सविस्तर हकीकत, आणि हकीकतीत पहिलंच वाक्य, 'सदर कॅमेरा अर्जदाराचे वडील कै. सुखराम यांच्या हातून पाण्यात पडला.'

"हे वाक्य काढून टाका ना," समीक्षा म्हणाली.

"अरे, यही तो आधार है पूरे अर्ज का," पवन म्हणाला. "सही कर."

तिनं सही केली.

अर्ज आठवड्यानं परत आला. त्यावर सचिवांचा शेरा होता: मालकीचा पुरावा जोडावा. नशिबानं कॅमेऱ्याचं जुनं बिल सापडलं. ते जोडलं. अर्ज पुन्हा परत आला: बिल माहेरच्या नावाचं आहे, बिलातली समीक्षा आणि अर्जातली समीक्षा एकच आहे कशावरून? पवननं लग्नाची पत्रिका जोडली. त्यावर शेरा आला की पत्रिकेवर नवरीचं नाव आहे, पण ओळख पटेल असा फोटो नाही. तेव्हा लग्नातला एक फोटो जोडला. त्यात समीक्षाच्या तोंडावर मुंडावळ्या होत्या. चौथ्या खेपेला वसंताभाऊंनी फोन करून विचारलं, "कानाचा साफ एखादा फोटो नाही का?"

वॉर्डातल्या अकरा बायकांचे बावीस कान समीक्षाच्या कॅमेऱ्यानं टिपले होते. तिचे स्वतःचे एकदाही नव्हते. अखेर लीलाबाईंनी आपल्या मोबाईलवर तिला पांढऱ्या चादरीपुढं उभं केलं. "हलू नोको," त्या म्हणाल्या. "पाह्य, कसं साफ येते."

बैठक गावी, बाबांच्या अंगणात ठेवली, कारण दान देणारी मैनाबाई हजर पाहिजे असा पुनारामांनी नियम काढला. रविवारी सकाळी सतरंजी अंथरली. कधी नव्हे ते कोरम भरला. समितीच्या इतिहासात कॅमेऱ्याचा मामला पहिल्यांदाच आला होता. एरवी पातेली हरवल्याचेच असत. वसंताभाऊंनी कॅमेरा हारासकट पाटावर आणून मधोमध ठेवला. आई खांबाला टेकून बसली.

वसंताभाऊ सचिवही होते आणि पक्षकारही. त्यामुळं पक्षकार म्हणून बोलायचं असलं की ते उभे राहत आणि मग खाली बसून आपलंच बोलणं रजिस्टरात लिहीत. "श्री. वसंता यांनी मुद्देसूद बाजू मांडली," असं त्यांनी लिहिलेलं पवननं वाकून वाचलं आणि हरकत घेतली. हरकतही लिहिली गेली.

"संकल्प पिप्याचा झाला," एक म्हातारबाबा म्हणाले. "गाय देली तं तिच्या पोटातलं वासरू बी गेलंच ना?"

"वासरू गायीनं धरलं होतं जी," पवन म्हणाला. "तांदळाला कॅमेरा झाला काय?"

हे फार वर्मी लागलं. मग महाराजांना फोन लावला. महाराज दुसऱ्या कुणाच्या तेरवीत होते; ते म्हणाले, "पात्रासहित धान्य. धान्यातला खडा निवडून फेकता का नाही?" आणि फोन बंद केला. कॅमेरा हा खडा धरायचा काय, यावर दोन तट पडले. तेवढ्यात कोणीतरी विचारलं की आधी तो चालतो का ते तरी पाहा. पुनाराम ताबडतोब म्हणाले, "कसा चालंन? मी तवाच म्हणलं होतं, उष्णा!" त्यावरून चिन्नोरवाले उठले. मूळ मुद्दा पाऊण तास बाजूला राहिला. समीक्षाला एकदम वाटलं, आत्ता बाबा असते तर चिन्नोरच्या बाजूनं एकटेच सगळ्यांना पुरून उरले असते. तिनं सतरंजीचा एक दोरा ओढून काढला.

दुपारच्या सुमाराला पुनारामांनी घसा खाकरला.

"आयका. साऱ्यात मोठी नियत. सुखरामच्या हातून पोरीची वस्तू पाण्यात पडली. चूक त्याची. ते निस्तराले त्यानं आपल्या हातानं तांदळात ठेवली. म्हणजे ते अमानत झाली, पोरीची ठेव, त्याची नोयच. जे त्याचं नोय, ते त्याच्या नावानं दान कसं होईन? कॅमेरा पोरीले वापस."

लोक "हौ, हौ" म्हणाले. वसंताभाऊ पक्षकार म्हणून उभे राहिले. "अन् त्यायच्या हातून पडला नसन तं?"

"मंग अर्जातली हकीकत खोटी," पुनाराम म्हणाले. "खोट्या अर्जावर समिती काही देत नाही. कॅमेरा भाच्याचा, कायमचा. पण तसं कुठी हाये? सारं गाव जाणते. मैनाबाईनं बयानावर सही करावं, झालं."

पवननं समीक्षाच्या कानाशी कुजबुज केली, "बस, एक सही. हो गया अपना काम."

वसंताभाऊंनी बयान लिहिलं आणि आईला वाचून दाखवलं. त्यांचं अक्षर सुरेख होतं आणि भाषा त्याहून. 'माझे पती कै. सुखराम यांचे हात वार्धक्यामुळे थरथरत होते. त्या थरथरीमुळेच दिनांक अमुक रोजी त्यांच्या हातून कॅमेरा पाण्यात पडला, हे मी खात्रीपूर्वक लिहून देते.' वाचून झाल्यावर त्यांनी रजिस्टर आईच्या मांडीवर ठेवलं आणि पेन तिच्या हातात दिला.

आईनं पेन धरला. सही करायची जागा वसंताभाऊंनी बोटानं दाखवली. पाटावरचा कॅमेरा समीक्षाच्या हाताच्या अंतरावर होता. त्यात एकेचाळीस हललेले बाबा होते आणि दोन न हललेले. आईनं जागा पाहिली, पण सही केली नाही. वरच्या ओळीवर बोट ठेवून ती तिथंच थांबली.

"थरथरत होते," ती म्हणाली, कोणालाच उद्देशून नव्हे. "सचिवाले दिसले, अध्यक्षाले दिसले, साऱ्या गावाले दिसले. चव्वेचाळीस वर्सं संग राहून मलेच नाही दिसले."

पुनारामांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मयुरीनं "नानी रो रही क्या?" असं विचारलं आणि कुशलनं तिचं तोंड दाबलं. आईनं पदरानं नाक पुसलं आणि पेन कागदाला टेकवला.

समीक्षा उभी राहिली. पवननं खालून तिचा पदर ओढला, तो तिनं सोडवून घेतला. ती हळू बोलणार होती, फक्त आईपुरतं. पण निघाला तो वर्गातला आवाज, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. कोंबड्या उठून पळाल्या.

"आई, सही नोको करू. खोटं आहे ते. बाबाचे हात नव्हते कापत, पक्के होते. कॅमेरा माह्या हातून पडला. मी तुले भेली, म्हणून त्यायनं आपल्या नावावर घेतला, अन् मी चूप बसली. वसंताभाऊ, लिव्हा तुम्ही, अन् कॅमेरा ठेवा. तू त्यायले काहीच नाही बोलली, आई. तू जे बोलली ना, ते सारं माह्या वाटणीचं होतं."